हाक न मारता जगता यावे असे घर

व्हीलचेअर घरात येते तेव्हा कुटुंबाचे सारे लक्ष आजारपणाकडे, औषधोपचारांकडे आणि खर्चाकडे असते. घराकडे पाहायला उसंत मिळत नाही. पुढे काही महिन्यांनी लक्षात येते, की पायांपेक्षा दारांनी, उंबरठ्यांनी आणि न्हाणीघराच्या पायरीनेच त्या व्यक्तीला अधिक जखडून ठेवले आहे. शहरातील सर्वसामान्य सदनिकेत कोणते बदल करता येतात, त्यांची मापे कोणती आणि सुरुवात कोठून करावी, याचा हा आढावा.

पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. घर झोपेत आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला जाग आली आहे आणि स्वच्छतागृहात जायचे आहे. पलंग उंच, खुर्ची दूर, स्वच्छतागृहाचे दार अरुंद आणि दाराशी चार इंचांची पायरी. कोणाला तरी हाक मारावी लागणार. काल रात्री उशिरा कामावरून आलेल्या मुलाला, की गुडघेदुखीने बेजार झालेल्या पत्नीला? पुष्कळ जण अशा वेळी हाक मारतच नाहीत. उजाडेपर्यंत वाट पाहतात. आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी पिण्याची सवय त्यातूनच लागते आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण मिळते.

घर बदलायचे ते कशासाठी, याचे उत्तर या हाकेत आहे. दिवसभरात किती वेळा दुसऱ्याला बोलवावे लागते, ते आठवडाभर एका वहीत नोंदवावे. पाण्याचा पेला, पंख्याचे बटण, कपाटातला सदरा, दारावरची घंटा, अंघोळ, शौच. या नोंदी म्हणजे घराच्या दुरुस्तीचा पहिला आराखडा. वास्तुविशारदाकडे किंवा गवंड्याकडे जाण्यापूर्वी हा आराखडा हाती असला, तर पैसे योग्य जागी खर्च होतात.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींना हालचालीशी संबंधित अपंगत्व होते. या साऱ्यांनाच व्हीलचेअर लागते असे नाही. मात्र अपघात, पक्षाघात, संधिवात आणि वाढते वय यांमुळे जनगणनेच्या रकान्यात न बसलेल्या अनेक घरांतही ती येते. तेव्हा हा प्रश्न मूठभर कुटुंबांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

सोय कोणाची?

घरातील बदलांचे दोन प्रकार असतात. एक, सेवा करणाऱ्याचे काम सोपे करणारे. दुसरे, सेवेची गरजच कमी करणारे. दोन्ही आवश्यक आहेत, पण त्यांची गल्लत होते. दिवाणखान्यात दूरचित्रवाणीसमोर पलंग टाकून देणे हे पहिल्या प्रकारातले सर्वांत परिचित उदाहरण. जेवण देणे सोपे, लक्ष ठेवणे सोपे. परंतु त्या व्यक्तीला कपडे बदलताना, फोनवर बोलताना किंवा नुसते रडावेसे वाटले तरी आड होण्यासाठी दार उरत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर ती कायम ‘पेशंट’ असते. घर लहान असले तरी स्वतःच्या हाताने लावता येईल अशी कडी असलेला एक कोपरा तिला मिळावा, हा पहिल्या दिवसापासूनचा निकष असला पाहिजे.

अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी, १९५३ मध्ये पोलिओ झाला. मानेखालचे जवळजवळ सारे शरीर निकामी झाले आणि श्वासासाठीही यंत्राचा आधार घ्यावा लागला. त्यांच्या पुढाकारातून १९७२ मध्ये बर्कली येथे ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले. रॉबर्ट्स यांना मदतनीस आयुष्यभर लागले. तरीही ते स्वतःला स्वतंत्र मानत. मदत कोणाची, केव्हा आणि कशी घ्यायची हे ज्याचे तो ठरवतो, तो स्वतंत्र, ही त्या चळवळीची भूमिका होती. घरातील प्रत्येक हाक बंद होईलच असे नाही. जी हाक उरेल ती लाचारीची असू नये, इतके मात्र घर करू शकते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. किशोरवयात कमरेखालील संवेदना गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली आणि ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनातून हे जग मराठी वाचकांच्या घरात पोहोचवले. पुण्याजवळ खडकी येथे जखमी सैनिकांसाठी असलेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७० च्या दशकापासून कार्यरत आहे. रचना अनुकूल असेल तर व्हीलचेअरवरची माणसे किती काही करू शकतात, हे अशा ठिकाणी दिसते. तीच रचना दोन खोल्यांच्या सदनिकेत कशी आणायची, हा खरा प्रश्न.

फोडाफोडीपूर्वी खडू

पहिले साधन हातोडा नव्हे, खडू. व्हीलचेअरला एका जागी पूर्ण वळण्यासाठी साधारण ५ फूट व्यासाचे वर्तुळ लागते. प्रत्येक खोलीत जमिनीवर असे वर्तुळ आखून पाहावे. त्यात पलंगाचा पाय येतो, की लोखंडी कपाटाचे दार, की पाण्याचे पिंप? बहुतेक घरांत निम्मा प्रश्न सामान हलवण्याने सुटतो. मुंबईत आणि अन्य अनेक शहरांत ठरावीक वेळीच पाणी येत असल्याने बादल्या आणि पिंपे न्हाणीघरातील मोकळी जागा अडवून बसतात. साठवणीची टाकी वर किंवा बाहेर गेली, तर तीच जागा खुर्चीला मिळते.

नंतर माप खुर्चीचे. मोठ्या माणसाच्या साध्या व्हीलचेअरची एकूण रुंदी सर्वसाधारणपणे २४ ते २७ इंच असते. चाक फिरवणाऱ्या हातांना दोन्ही बाजूंनी आणखी दीड-दोन इंच लागतात, अन्यथा बोटांची सालपटे चौकटीला घासून निघतात. त्यामुळे दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच आणि शक्य असेल तेथे ३६ इंच असावी. येथे ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अडीच फुटी दार म्हणून बसवलेल्या चौकटीत पाखाची जाडी आणि बिजागरी वजा जाता प्रत्यक्षात सव्वादोन फूटच हाती लागतात.

दार रुंद करण्याचे उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने पाहावेत. आतल्या खोलीचे पाख काढून जाड पडदा लावणे हा सर्वांत स्वस्त; मात्र त्यात खासगीपणा जातो. उघडल्यावर पाखाला चौकटीबाहेर नेणाऱ्या विशेष बिजागऱ्या बसवल्या, तर भिंत न फोडता दीड-दोन इंच वाढतात. सरकते दार भिंतीच्या बाहेरून बसवले तर पूर्ण चौकट मोकळी होते आणि उघडताना खुर्ची मागे घ्यावी लागत नाही. त्याचा खालचा रूळ मात्र जमिनीच्या वर येता कामा नये. वरून टांगलेले दार उत्तम. चौकटच बदलायची असेल, तर त्या भिंतीत काँक्रीटचा खांब किंवा वरती तुळई आहे का, हे संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे. जुन्या भारवाही भिंतींच्या इमारतींत तर घरातील प्रत्येक भिंत वरच्या मजल्याचे ओझे वाहत असू शकते. तेथे गवंड्याच्या अंदाजावर विसंबू नये.

उंबरठा आणि उतार

मराठी घरात उंबरठ्याला मान आहे. त्यावर हळदीकुंकू वाहिले जाते, पुढे रांगोळी काढली जाते. व्हीलचेअरच्या लहान पुढच्या चाकांना मात्र पाऊण इंचाचा उंबरठाही अडवतो. खुर्ची थबकते आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते. अर्ध्या इंचापर्यंतची उंची, कडा तिरप्या केलेल्या असल्यास, चालते. त्याहून उंच उंबरठा काढावा, किंवा काढण्यास घरातल्यांचे मन धजत नसेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी वा रबरी उताराचे तुकडे बसवावेत. रांगोळी बाजूला सरकवता येते. दारातल्या चपलांच्या ढिगालाही हाच नियम लागू आहे. गॅलरीच्या सरकत्या खिडकीचा रूळ हा असाच एक न दिसणारा उंबरठा. त्याच्यामुळे अनेकांची मोकळी हवा बंद झालेली असते.

उताराचे गणित साधे आहे: एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट आणि तशा तीन पायऱ्यांना अठरा फूट. इमारतीच्या दाराशी दुचाकी चढवण्यासाठी केलेला सिमेंटचा तीव्र उतार म्हणजे रॅम्प नव्हे. त्यावर मागून ढकलणाऱ्यालाही धाप लागते आणि उतरताना खुर्ची हातातून सुटण्याची भीती असते. चांगल्या रॅम्पची रुंदी किमान ४ फूट असते, वर आणि खाली ५ फुटांची सपाट जागा असते, दोन्ही बाजूंना कठडा असतो आणि चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून कडेला बुटकी वरवंडी असते. अडीच फुटांहून अधिक चढायचे असेल तर मध्ये विसाव्याचा सपाट टप्पा हवा. पृष्ठभाग खरबरीत हवा. पावसाळ्यात गुळगुळीत ग्रॅनाइटचा रॅम्प पायऱ्यांहून धोक्याचा ठरतो. जागाच नसेल तर घडीचा ॲल्युमिनियम रॅम्प किंवा विजेवर चालणारे लहान उचलयंत्र यांचा विचार करावा लागतो.

सुरुवात न्हाणीघरापासून

पैसे एकाच खोलीपुरते असतील, तर ते न्हाणीघर आणि शौचालयावर खर्च करावेत. सर्वाधिक हाका येथेच माराव्या लागतात आणि सर्वाधिक संकोचही येथेच होतो.

जुन्या सदनिकांत शौचालय आणि मोरी शेजारी-शेजारी, पण वेगवेगळी असतात. दोन्ही इतकी अरुंद, की खुर्ची एकातही शिरत नाही. मधली भिंत भारवाही नसेल आणि ती काढता आली, तर एक पुरेशी खोली तयार होते. घरात शौचालय एकच असेल तर इतरांची सकाळची गैरसोय होईल, ही अडचण खरी आहे; वेळांची वाटणी आधीच बोलून ठरवावी. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे किंवा सरकते असावे. आतल्या बाजूला उघडणारे दार असेल आणि आतील व्यक्ती पडली, तर तिच्याच शरीराने दार अडते आणि मदत पोहोचत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी.

भारतीय पद्धतीचे शौचकूप बदलून कमोड बसवणे अपरिहार्य असते. त्याची उंची खुर्चीच्या आसनाइतकी, म्हणजे १८ ते १९ इंच असावी, म्हणजे शरीर उचलून वर चढवण्याऐवजी आडवे सरकवता येते. बाजार-मापाचे कमोड बुटके असल्यास त्याखाली ओटी बांधावी किंवा उंची वाढवणारे आसन बसवावे. कमोडच्या एका बाजूला भिंतीत पक्का आधारदांडा आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची लावण्यासाठी ३ फूट मोकळी जागा ठेवावी. त्या बाजूचा दांडा वर दुमडता येणारा असावा. दांडा आसनापासून साधारण ८ इंच उंचीवर, दीड इंच जाडीचा आणि भिंतीपासून दोन इंच सुटा असावा. तो फरशीला नव्हे, तर मागच्या पक्क्या विटकामाला घट्ट बसवलेला असावा. निर्वात पकडीने चिकटणाऱ्या दांड्यांवर शरीराचा भार कदापि टाकू नये. नवा दांडा बसवल्यावर घरातील धडधाकट माणसाने त्याला पूर्ण लोंबकळून पाहावे.

जागा फारच कमी असेल, तर चाकांची कमोड-खुर्ची हा व्यवहार्य मार्ग आहे. तिच्या आसनाला मधोमध पोकळी असते. ती पलंगाजवळ आणून एकदा बसले की तीच कमोडवर मागे सरकवता येते आणि तिच्यावर बसूनच अंघोळही होते. चार वेळा अंग उचलून बसण्याऐवजी दोनदाच बसावे लागते. हातांच्या सांध्यांवर आयुष्यभर पडणारा ताण पाहता ही बचत लहान नाही.

न्हाणीघराची पायरी काढली की पाणी बाहेर येईल, ही भीती सर्वांना वाटते. दाराशी आडवी, जाळी घातलेली पन्हळ करून आणि जमिनीला तिच्याकडे किंचित उतार देऊन हा प्रश्न सुटतो. मात्र फरशी फोडल्यावर वॉटरप्रूफिंग पुन्हा नीट करून घ्यावे. खालच्या घरात पाणी झिरपले, तर चांगल्या हेतूने सुरू झालेले काम सोसायटीच्या भांडणात संपते.

नळ एका हाताने, मनगटानेही फिरवता येईल असा दांडीचा असावा. हँड शॉवर आणि जेट स्प्रे बसल्या जागी हाताला यावा. आणखी एक दक्षता जिवाशी निगडित आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीत कमरेखाली स्पर्शाची जाणीव नसते. कढत पाणी पायांवर पडत राहिले तरी कळत नाही आणि त्वचा भाजल्याचे नंतर डोळ्यांनीच दिसते. गीझरचे तापमान आधीच कमी ठेवावे आणि पाणी प्रथम जाणीव असलेल्या हातावर घेऊन पाहावे. बेसिनखालून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवर आवरण घालावे.

पलंग, कपाट, बटणे

पलंगाची उंची गादीसह खुर्चीच्या आसनाइतकी, म्हणजे १८ ते २० इंच ठेवली तर ये-जा सोपी होते. खाली खणांची पेटी असलेले दिवाण दिसायला सोयीचे, पण खुर्चीच्या पायटेकण्या त्यांच्याखाली जात नाहीत आणि खुर्ची दूरच राहते. पलंगाच्या एका बाजूला किमान ३ फूट जागा मोकळी असावी. गादी फार मऊ नको. तिच्यात शरीर रुतते. दाबव्रणांचा धोका असलेल्यांनी गादी आणि खुर्चीवरची उशी दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडावी.

बसलेल्या व्यक्तीचा हात जमिनीपासून सव्वा फूट ते चार फूट या पट्ट्यात सहज पोहोचतो. घरात रोज लागणारी प्रत्येक वस्तू या पट्ट्यात आली पाहिजे. आपल्याकडे विजेची बटणे साडेचार फुटांवर आणि काही प्लग भिंतीच्या अगदी तळाशी असतात. दोन्ही मधल्या पट्ट्यात आणावेत. दिव्याचे एक बटण दाराशी आणि दुसरे पलंगाशी, अशी दुहेरी जोडणी करण्यास वीजतंत्रज्ञाला फार वेळ लागत नाही. कपाटातील कपडे टांगण्याचा दांडा खाली आणावा, पाखांऐवजी सरकती दारे किंवा पडदा लावावा. कपडे वाळत घालण्यासाठी छताला टांगलेल्या आणि दोरीने खाली-वर होणाऱ्या दांड्या अनेक घरांत असतातच. दोरीची खुंटी खाली आणली की ते काम बसून करता येते. देव्हाऱ्याचा विसर पडू नये. रोज सांजवात लावणाऱ्या बाईला आता ती दुसऱ्याने लावलेली नुसती पाहावी लागते, हे दुःख कोणत्याही मापदंडात लिहिलेले नसते. देव्हारा दोन फूट खाली आला, तर तिची संध्याकाळ तिला परत मिळते.

मुख्य दाराला दुसरे नेत्रछिद्र पावणेचार फुटांवर पाडावे किंवा व्हिडिओ डोअरफोन बसवावा. दारावर कोण आले ते पाहून उघडायचे की नाही, हे ठरवता येणे हा घरमालक असल्याचा साधा अनुभव आहे.

स्वयंपाकघर कोणाचे?

व्हीलचेअर आल्यावर स्वयंपाकघर सर्वांत आधी बंद होते. स्त्री असेल तर तिच्या हातून तिचे राज्य जाते. पुरुष असेल तर त्याने चहा करावा असे कोणाला सुचतही नाही. संपूर्ण ओटा फोडण्याची गरज नसते. नेहमीचा ओटा ३२ ते ३४ इंच उंच असतो. त्यालगत ३ फूट लांबीचा आणि ३० इंच उंचीचा तुकडा, खाली कपाट न करता, बांधला तर खुर्चीचे गुडघे आत जातात. खाली किमान २७ इंच उंची आणि दीड फूट खोली मोकळी हवी. तेही जमत नसेल, तर खणातून बाहेर सरकणारी मजबूत फळी चिरण्या-निवडण्यास पुरते. विळी जमिनीवर बसणाऱ्यांसाठी होती; येथे सुरी आणि खाली घसरकाप लावलेला पाट हवा.

शेगडीची बटणे समोर असावीत, म्हणजे आचेवरून हात न्यावा लागत नाही. पेटती शेगडी, काम करण्याची जागा आणि सिंक एकाच पातळीत सलग असल्यास भरलेले भांडे न उचलता सरकवता येते. गरम भांडे मांडीवर ठेवून नेणे हा या घरांतील नेहमीचा अपघात आहे. उंच कडांचा लाकडी ट्रे किंवा चाकांची ट्रॉली तो टाळते. सिंक उथळ असावे आणि त्याची सांडपाण्याची नळी मागे भिंतीला लागून न्यावी. गॅसचा मुख्य खटका बसून बंद करता येतो की नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी पाहावे.

दाराबाहेरची वाट

घर सुधारले तरी लिफ्टपर्यंत पोहोचता येत नसेल, तर व्यक्ती चांगल्या सोयींच्या कोंडीत राहते. जुन्या इमारतींत नंतर बसवलेल्या लिफ्ट कित्येकदा दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबतात; सहा-सात पायऱ्या उरतातच. लिफ्टचे जाळीचे दार अरुंद असते. प्रवेशद्वाराच्या लहान दिंडीला उंच पट्टी असते. तळमजल्यावरच्या तीन पायऱ्यांसाठी दर वेळी दोन रखवालदारांना बोलवावे लागते आणि मग बाहेर जाणेच कमी होते.

हे बदल एकट्या कुटुंबाला करता येत नाहीत. त्यासाठी सोसायटीकडे लेखी अर्ज करावा. सोबत साधा नकाशा, मापे आणि खर्चाचा अंदाज जोडावा. नुसत्या विनंतीपेक्षा तयार आराखड्यावर सर्वसाधारण सभेत चर्चा लवकर होते. जागा, वाहनतळ, सौंदर्य अशा हरकती येतात. इमारतीत साठी ओलांडलेले किती रहिवासी आहेत, हे त्या वेळी मोजून दाखवावे. रॅम्प ज्याच्या अर्जावरून होतो, त्याच्याखेरीज बाळगाडी, गॅस सिलिंडर आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले शेजारीही त्यावरून जातात. लिफ्टजवळची १२ फूट रुंद वाहनजागा मिळाली, तर मोटारीचे दार पूर्ण उघडून खुर्ची शेजारी लावता येते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्याची जागा ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ ने घेतली आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, अशी तरतूद त्याच्या कलम ४४ मध्ये आहे. मात्र त्याखालील नियमांतील निकष प्रत्यक्षात केवळ शिफारसवजा असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. महाराष्ट्रात २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत. कायद्याचा भर नव्या आणि सार्वजनिक इमारतींवर असल्याने जुन्या खासगी सोसायटीत समजुतीचा मार्ग बहुधा लवकर फळतो. तो खुंटल्यास पुण्यातील दिव्यांग आयुक्तालयाकडे दाद मागता येते. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र व्यक्तींना सवलतीत किंवा विनामूल्य व्हीलचेअर मिळू शकते. त्यासाठी यूडीआयडी ओळखपत्र काढून ठेवावे.

आधी विचारा, मग बांधा

या साऱ्या मापांपेक्षा मोठे माप त्या व्यक्तीचे स्वतःचे आहे. कोणाचा उजवा हात बलवान असतो, कोणाचा डावा. कमोडच्या कोणत्या बाजूला जागा ठेवायची ते त्यावर ठरते. पक्षाघात झालेल्याची गरज वेगळी, पोलिओ झालेल्याची वेगळी. त्यामुळे ऑक्युपेशनल थेरपिस्टने घरी येऊन पाहणी करणे फायद्याचे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी तसेच मोठ्या रुग्णालयांच्या पुनर्वसन विभागांत असे मार्गदर्शन मिळते. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जाण्याचे तंत्र शिकवण्याची सोयही तेथे असते. ते तंत्र येत नसेल, तर उत्तम बांधलेले न्हाणीघरही निरुपयोगी ठरते.

प्रत्येक बदल कायमचा करण्यापूर्वी आठवडाभर तात्पुरता करून पाहावा. पुठ्ठ्याची भिंत, विटांवर ठेवलेली फळी, खडूचे वर्तुळ. भाड्याच्या घरात तर काढून नेता येतील असेच बदल करावेत: सुटे रॅम्प, कमोड-खुर्ची, उंची वाढवणारे आसन, बिजागऱ्या.

कुटुंबाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते आणि ती सर्वांत कठीण असते. घर तयार झाल्यावर मदतीला धावायचे नाही. चहा करायला वीस मिनिटे लागतील, थोडा सांडेलही. एखाद्या दिवशी ती व्यक्ती पडेल. म्हणून गळ्यात मोबाइल किंवा हाताशी घंटा असावी, शेजाऱ्यांकडे किल्ली असावी, वीज गेली किंवा लिफ्ट बंद पडली तर काय करायचे ते आधी ठरलेले असावे. इतकी तयारी झाल्यावर मात्र दाराआड थांबून ऐकत राहण्याचा मोह आवरायला हवा.

काम पूर्ण झाल्यावर ती वही पुन्हा उघडावी आणि आठवडाभर हाका पुन्हा मोजाव्यात. पंचवीसच्या बारा झाल्या असतील, तर घर योग्य दिशेने निघाले आहे. पहाटे साडेपाचला दिवा लागल्याचा, चाके फिरल्याचा आणि न्हाणीघराची कडी लागल्याचा आवाज आला आणि घरातले बाकीचे कूस बदलून पुन्हा झोपी गेले, म्हणजे खर्च सार्थकी लागला.

मापांची चौकट

दाराची मोकळी रुंदी: किमान ३२ इंच, शक्यतो ३६ इंच
वळण्याची जागा: ५ फूट व्यास
उंबरठा: अर्ध्या इंचाहून उंच नको
रॅम्प: १ फूट उंचीला १२ फूट लांबी, रुंदी किमान ४ फूट
कमोडची उंची: १८ ते १९ इंच; एका बाजूला ३ फूट मोकळी जागा
पलंगाची उंची: गादीसह १८ ते २० इंच
ओटा: ३० इंच, खाली २७ इंच मोकळे
बटणे, कड्या, फळ्या: जमिनीपासून सव्वा ते चार फूट